मेस्त्रींचं लॅटिन कूळ

माझ्या धंद्यात माणूस दिवसभर बोलतो आणि त्यातलं एकही वाक्य त्याचं स्वतःचं नसतं. संध्याकाळी घसा बसतो, तोही दुसऱ्यांच्या भांडणापायी. मी दुभाषा आहे. एका बाजूला जर्मन, फ्रेंच आणि कामापुरती पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला तमिळ आणि इंग्रजी, आणि मधे, अर्धं पाऊल मागे, मी. चेन्नईत हा धंदा जुना. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्या व्यापाऱ्यांचे दुभाषे इथे असे गब्बर झाले की त्यांनी देवळं बांधली, बागा लावल्या. माझ्या हातून एक तुळसही धड जगलेली नाही.

मराठीचा धंद्यात उपयोग शून्य. ती घरातली. आमचं घराणं तंजावरचं, म्हणजे आमच्या मराठीची क्रियापदं आजोबांच्या आजोबांची, सूर तमिळ आणि भाज्यांची नावं तर संपूर्ण तमिळ. पुण्याचा माणूस आमच्याशी दोन मिनिटं बोलला की तिसऱ्या मिनिटाला इंग्रजीत शिरतो. हा लेख तुम्हाला सरळ वाचता येत असेल तर ते श्रेय संपादकांच्या लाल पेनाचं.

बाहेरच्यांना वाटतं, दोन भाषा आल्या की दुभाषा झाला. दोन पाय असले की नर्तक होतो, तसंच हे. या कामाचे खरे नियम दोनच. पहिला, समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. जर्मन इंजिनिअर टेबलावर मूठ आपटून 'मी संतापलो आहे' म्हणाला की मी तमिळमध्ये, मूठ न आपटता, 'मी संतापलो आहे' म्हणतो. अंबत्तूरच्या एका कारखानदाराने एकदा हे ऐकून घाबरून मलाच ताक दिलं होतं. दुसरा नियम, पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. शिवाय एक अलिखित नियम आहे, की दुभाष्याने जेवणाच्या टेबलावर जेवणाची आशा धरू नये. पाहुणा घास घेतो तेव्हा यजमान बोलतो, यजमान घास घेतो तेव्हा पाहुणा बोलतो, आणि आपली बिर्याणी दोघांच्या मधे गार होते.

पहिला नियम मी आयुष्यात मोडला नाही. दुसऱ्याचं सांगतो.

मला एक खोड आहे. शब्दांची कुळं शोधण्याची. लोक विवाहमंडळात मुलाचं गोत्र विचारतात तसा मी शब्दाला विचारतो, 'तू कुठल्यांपैकी?' आणि सापडलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला पचत नाही. यंत्र बंद पडलंय, करार अडकलाय, दोन्ही बाजूंचे लोक घाम पुसताहेत, अशा वेळी मी म्हणतो, 'गंमत सांगू का?' आणि गंमत सांगतो. या खोडीत माझा सर्वांत लाडका शब्द म्हणजे मेस्त्री.

हसू नका. आपला मेस्त्री, मिस्त्री, तमिळमधला मेस्तिरी हा कोकणातला नाही की कावेरीकाठचा नाही. तो पोर्तुगीज जहाजातून उतरला. तिकडे कुशल कारागिराला मेस्त्र म्हणतात, जहाजाच्या तांडेलालाही म्हणतात. गोव्याच्या किनाऱ्यावर उतरून तो इतका रुळला की कोकणात त्याचं आडनाव झालं. आता त्याचे भाऊबंद बघा. इटालियन माएस्त्रो वाद्यवृंदासमोर हात हलवतो, पण तिथल्या खेड्यात प्राथमिक शाळेचा मास्तरही माएस्त्रोच. स्पॅनिशमध्ये मास्तर आणि गवंडी एकाच नावाने हाक मारून घेतात. फ्रेंचांचा मेत्र शाळेत शिकवतो, हॉटेलात वाढप्यांवर देखरेख करतो आणि काळा डगला घालून कोर्टात उभा राहतो, कारण तिकडे वकिलाला मेत्र म्हणतात. इंग्रजांचा मास्टर आपल्याकडे मास्तर होऊन छडी घेऊन बसला, पोस्टात आणि स्टेशनवर नोकरीला लागला. तोच मास्टर पुढे झिजून झिजून मिस्टर झाला, म्हणजे कुणीही. आणि जर्मन माइस्टर म्हणजे परीक्षा देऊन, सनद मिळवून कारागिरीतल्या वरच्या पायरीवर बसलेला माणूस, ज्याला शिकाऊ उमेदवार घेता येतात.

या सगळ्यांचा मूळपुरुष लॅटिन, मागिस्तेर. त्यात 'मागिस' आहे, त्याचा अर्थ 'अधिक'. जो इतरांपेक्षा अधिक, तो मागिस्तेर. आणि याच साच्यातला त्याचा उलटा भाऊ मिनिस्तेर. 'मिनुस' म्हणजे उणे. जो उणा, वाढपी, चाकर, तो मिनिस्तेर. त्याचाच पुढे मिनिस्टर झाला. ही गंमत मी एकदा एका उद्घाटनाला, एका मिनिस्टरांच्या शेजारी बसून, त्यांच्या सचिवाला सांगितली. त्या खात्याकडून मला पुन्हा बोलावणं आलं नाही.

पण सगळेच काही असे नसतात. एकदा एका कराराच्या वाटाघाटींसाठी फ्रान्समधून एक वकीलबाई आल्या होत्या, साठीच्या, चष्मा साखळीला बांधलेला. मी त्यांची ओळख करून देताना इथल्या मंडळींना तमिळमध्ये सांगितलं, "यांच्या देशात वकिलाला मास्टर म्हणतात." मंडळी गोंधळली. आमच्या चेन्नईत नुसतं 'मास्टर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यावरचा चहावाला येतो, हातभर उंचीवरून चहा ओतणारा. टपरीवर त्याला दुसरं नावच नसतं. परोटे थापणाराही मास्टर, कपडे शिवणाराही मास्टर. हे बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग मला माझ्या सहकाऱ्याला भेटवा." गेलो टपरीवर. बाईंनी हात पुढे केला. टपरीच्या मास्टरने हात लुंगीला पुसून मिळवला आणि मला विचारलं, "सार, या अम्मांचं काम काय?"

"बोलणं."

"नुसतं बोलणं?" त्याने बाईंकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि साखर जास्त घातली.

अशा कौतुकांनी माणूस बिघडतो. मला वाटू लागलं की लोकांना भाषांतरापेक्षा माझ्या शब्दकथाच हव्या असतात. याच मस्तीत मी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहानशा शेडमध्ये, एकांबरम मेस्त्रींच्या पोटावर जवळजवळ पाय दिला.

तिथे डायचं काम चाले. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा. सपाट पत्रा ठेवायचा, वरून प्रेस दाबायचा, खालून गाडीच्या चाकावरची कमान बाहेर. डाय झिजतात, त्यांना चरे पडतात, मग ते दुरुस्त करावे लागतात. हे काम यंत्राचं कमी आणि हाताचं जास्त. निळा रंग फासून दोन भाग एकमेकांवर दाबायचे, कुठे रंग लागला ते बघून उंचवटा ओळखायचा आणि तेवढाच दगडाने घासून काढायचा. केसाच्या जाडीचा भाग इकडे-तिकडे झाला तर पत्रा फाटतो. शेडमध्ये आठ माणसं होती आणि त्यांच्यावर एकांबरम मेस्त्री, साठीच्या उंबरठ्यावरचे, खिशात पेन्सिलऐवजी दगडाची कांडी.

शेडचे मालक, ज्यांना सगळे मुदलाळी म्हणत, थकले होते. काम आटलं होतं. त्यांच्या मुलांनी शेड गोदामासाठी देऊन टाकायचं जवळजवळ ठरवलं होतं. एकच आशा होती. ओरगडमच्या एका गाड्यांच्या कारखान्याला आपल्या डायची दुरुस्ती बाहेर द्यायची होती. कारखान्याचे जर्मन तज्ज्ञ लुत्स साहेब येणार, मेस्त्रींचं काम डोळ्यांनी बघणार आणि अहवाल लिहिणार. अहवाल चांगला आला तर आठ माणसं आणि मेस्त्री शेडमध्ये. नाही तर शेडमध्ये साबणाची खोकी.

भेट ठरवणारी होती मुग्धा, त्याच कारखान्यातली, मूळची नाशिकची, चेन्नईत येऊन जेमतेम तीन महिने झालेली तरुण इंजिनिअर. मी मराठी आहे हे कळल्यापासून ती मला काका म्हणे आणि माझी मराठी ऐकून, मोठ्या सभ्यपणे, खोकल्यासारखं हसे. तिचा फोन आला.

"काका, साहेबांना तो आठवडाच रिकामा आहे. गुरुवारी दसरा. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असेल ना? मग बुधवार धरू?"

आता इथे जरा थांबतो. तमिळनाडूत हत्यारांची पूजा नवमीला होते, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आयुधपूजा. मी जन्मल्यापासून ती बघत आलोय. रिक्षापासून रुग्णालयापर्यंत सगळ्यांना झेंडू आणि चंदन लागतं, पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलत नाही, दसऱ्याला सकाळी आरती करून मगच उचलतात. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण समोर नाशिकची मुलगी होती, 'आपल्याकडे दसऱ्याला' असं गृहीत धरणारी. तिच्यापुढे मला शंभर टक्के मराठी दिसायचं होतं. मी मोठ्या ठसक्यात म्हणालो, "अर्थात! आपल्यात दसऱ्यालाच. बुधवार अगदी मोकळा." बोलताना मला ते खरंच वाटलं, हे विशेष. तिच्या कारखान्याने त्या वर्षी नवमीची सुट्टी दिवाळीला जोडून टाकली होती, म्हणून तिच्या कॅलेंडरनेही मला वाचवलं नाही.

मुदलाळींना मी फोनवर सांगितलं, "बुधवारी जर्मन पाहुणे वर्कशॉप बघायला येताहेत." ते गहिवरून म्हणाले, "वांगो वांगो, या या. त्या दिवशी पाहुणा येणं म्हणजे भाग्य." काम करून दाखवायचंय हे सांगायचं मला सुचलं नाही; मला वाटलं, केवढे हे अगत्य.

बुधवारी सकाळी सहाला मी स्वयंपाकघरात गेलो तर बायकोने पाटावर पुस्तकं, मुलीची वीणा, विळी आणि मिक्सर मांडले होते. मिक्सरला कुंकू लावलेलं.

"आज इडलीबरोबर चटणी नाही," ती म्हणाली. "मिक्सर पूजेला बसलाय. असे काय बघता?"

मी मिक्सरकडे बघत होतो आणि मला गिंडीची शेड दिसत होती.

मुग्धाला फोन केला तर ती आणि लुत्स साहेब गाडीत, वाटेवर. म्हटलं, पूजा बहुतेक ठिकाणी संध्याकाळी असते, सकाळी काम उरकून घेऊ. पण मुदलाळींच्या जोशांनी नऊचा मुहूर्त दिला होता. मी पोचलो तेव्हा दारात केळीचे खुंट, शेड धुऊन लख्ख, लेथच्या डोक्यावर झेंडू. लांब टेबलावर कानशी, दगड, स्क्रेपर, मायक्रोमीटर ओळीने निजवलेले आणि प्रत्येकाच्या कपाळी चंदन. कपाळ नसलेल्यांनाही. मेस्त्री नव्या पांढऱ्या धोतरात होते. त्यांनी मला कुरमुरे आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, दिली.

"मेस्त्री," मी हळूच म्हणालो, "साहेब काम बघायला येताहेत. हाताने केलेलं. आजच."

ते चावायचे थांबले. "आज? राव सार, तुम्ही इथलेच ना?"

मी काही बोलणार तोवर लुत्स साहेब आत आले. उंच, पंजे फावड्यासारखे, पायात स्वतःचे सुरक्षा बूट. त्यांनी झेंडूंकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, टिळा लावून घेतला, आणि माझी मती जागेवर नव्हती म्हणून मी काय केलं असेल? गंमत सांगितली. माइस्टर आणि मेस्त्री हे सख्खे कसे, लॅटिन आजोबा कोण, पोर्तुगीज जहाज, सगळं. नवल म्हणजे त्यांना ती आवडली. ते स्वतः माइस्टर होते. म्हणाले, "परीक्षेला मी एक कुलूप घडवलं होतं. पूर्वी तशा कामाच्या तुकड्यावरच माणूस माइस्टर ठरायचा. आता माझी बायको ते कोबीच्या लोणच्यावर वजन म्हणून ठेवते. यांना विचारा, हे कशाने मेस्त्री झाले?"

मी विचारलं. मेस्त्री म्हणाले, "जुने मेस्त्री एक दिवस आले नाहीत. मुदलाळी म्हणाले, आजच्यापुरतं तू बघ. तो 'आज' अजून चाललाय."

लुत्स साहेब खूप हसले. माझी छाती फुगली, वाटलं, जमलं. मग त्यांनी बाही वर सरकवली, कोपऱ्यातल्या डायकडे बोट केलं आणि म्हणाले, "चला, आता यांचा हात बघू."

मी मेस्त्रींना सांगितलं. मेस्त्रींनी मान हलवली. "वेंडाम, सार. आज नाही. हत्यारं निजलीत. उद्या सकाळी सहाला बोलवा, दिवसभर करून दाखवतो. आज मी त्यांना उठवणार नाही."

लुत्स साहेबांचं विमान त्याच रात्रीचं होतं. उद्या नव्हताच. मुदलाळी भिंतीला टेकले. आठ माणसं कुरमुऱ्यांचे द्रोण हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी, बत्तीस वर्षांच्या अनुभवाचा दुभाषा, जर्मनमध्ये म्हणालो, "मला वाईट वाटतं, माझा हात दुखावला आहे."

बघा, त्यातही 'मी' बरोबर वापरला होता.

लुत्स साहेब कारखान्यात प्रथमोपचाराचंही काम बघत, हे मला कुठे माहीत? त्यांनी चटकन मेस्त्रींचा उजवा हात आपल्या पंज्यात घेतला, तळवा उलटला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं, एकेक बोट वाकवलं. मेस्त्री गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाले, "राव सार, हे माझं भविष्य बघताहेत का?"

मागे एकजण फिस्कन हसला. मी नाही हसलो. मेस्त्रींनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"हात दुखतोय म्हणून."

"माझा हात?" त्यांनी तो सोडवून घेतला. आवाज चढवला नाही. "चाळीस वर्षांत हा हात एक दिवस दुखला नाही, आणि तुम्ही पूजेच्या दिवशी तो आजारी पाडलात? शेड गेली तर मी दुसरीकडे दगड घासीन. पण हात गेलाय असं एकदा पसरलं तर मला दारात कोण उभं करील? मी बोललो ते सांगा. जसंच्या तसं."

मी सांगितलं. हत्यारं निजलीत, मी त्यांना उठवणार नाही. आणि मग, हेही सांगितलं की हाताचं मी पदरचं घातलं होतं. जर्मनमध्ये 'मी खोटं बोललो' हे वाक्य मी हजारदा दुसऱ्यांसाठी म्हटलंय. स्वतःसाठी म्हणताना पहिल्यांदाच माझा उच्चार घसरला.

मुग्धा म्हणाली, "काका, काय केलंत हे!" आणि लगेच, "तारीख मीच विचारली होती, साहेब," असं इंग्रजीत सांगू लागली. लुत्स साहेबांनी हात वर केला. ते टेबलाजवळ गेले, हात मागे बांधून चंदन लावलेल्या कानशींवर वाकले. मग मला म्हणाले, "आता यापुढे तो जे बोलेल तेवढंच. लॅटिन नको."

त्यांनी आपल्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्र्याचा तुकडा काढला. चाकावरच्या कमानीचा कोपरा, तडा गेलेला. "हा परवा फाटला. डाय तिकडेच आहे. विचारा, हत्याराशिवाय काही सांगता येतं का."

मेस्त्रींनी धोतराला हात पुसले. पत्रा घेऊन ते दारात उजेडाला गेले, तिरपा धरला, पुन्हा उलटा धरला. तडा त्यांनी पाहिलाच नाही. तड्यापासून वीतभर लांब, वळणावर, नखाने हळूहळू खरवडत गेले. डोळे मिटलेले. शेडमध्ये फक्त उदबत्तीच्या टोकावर राख वाकत होती. मुदलाळींचे ओठ हलत होते, बहुधा देवाचं नाव घेत असावेत. मी गप्प होतो, आणि गप्प राहणं हे केवढं अंगमेहनतीचं काम आहे ते मला त्या दिवशी कळलं.

"इथे," मेस्त्री म्हणाले. "पत्रा इथून आत ओढला जातो. त्या वळणाला कुणीतरी नुकतंच पॉलिश केलंय, पण आडवं. ओढीच्या दिशेने घासायला हवं होतं. आडव्या रेघा पत्र्याला धरून ठेवतात, मग तो पुढे जाऊन फाटतो. माणूस नवा असेल. घाईत असेल. त्याला रागावू नका, दगड कसा धरायचा ते दाखवा."

मी सांगितलं. तेवढंच. 'रागावू नका'सुद्धा.

लुत्स साहेबांनी वहीतलं एक पान उघडून मुग्धाला दाखवलं. काल ओरगडममध्ये डाय उघडून त्यांनी तेच काढलं होतं. "मला दुपार झाली," ते म्हणाले. "आणि माझ्याजवळ डाय होता."

शेडमध्ये गलका झाला. मुदलाळींनी डोळे पुसले. मेस्त्री सुंडलाचा द्रोण लुत्स साहेबांच्या हातात देऊन म्हणाले, "खा म्हणावं. गार होतंय." पण साहेब पक्के जर्मन. छापील अर्जात 'प्रत्यक्ष काम करून दाखवले' असा एक चौकोन होता. तो त्यांनी कोरा ठेवला आणि खाली कारण लिहिलं. त्यावरच्या रकान्यात माणसाचा हुद्दा हवा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तोंड उघडलं, आणि त्यांनी नजर वळवून शेजारच्या फिटरकडे पाहिलं, मेस्त्रींकडे बोट करून भुवया उडवल्या. फिटर म्हणाला, "मेस्तिरी." ते त्यांनी लिहून घेतलं.

त्या कोऱ्या चौकोनामुळे निर्णय दीड महिना लोंबकळला. या दीड महिन्यात मुदलाळींच्या मुलांनी गोदामवाल्याला दोनदा शेड दाखवली. मी शब्दकोश उघडला नाही, खरंच सांगतो. मग मुग्धाचा फोन आला.

"काका, दोन डाय सहा महिन्यांसाठी चाचणीवर देताहेत. ओळीने. आधी एक, मग दुसरा."

"मेस्त्रींना सांगितलंस?"

"त्यांना सांगितलं, ते म्हणाले, डाय पाठवताना वरून ताडपत्री घाला, पाऊस आहे." आणि पुढे म्हणाली, "काका, अजून एक. साहेबांनी अहवालात लिहिलंय की दुभाष्याने स्वतःचं घातलं. पुढच्या वेळी कंपनी दुसरं कुणी घेणार. मला सांगायला फार जड जातंय."

"त्यांनी काही स्वतःचं घातलेलं नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ते काम गेलं ते गेलंच. मोठी कंपनी होती, महिन्यातून चार दिवस तरी बोलावणं असे. आता तिथे एक तरुण मुलगी जाते. उत्तम जर्मन, पदरचं काही घालत नाही. मी एकदा तिचं काम चोरून ऐकलं. अगदी शुद्ध आणि, मत्सराने म्हणतो असं समजा, बिनमिठाचं. मला अजूनही वाटतं की लुत्स साहेब माझ्या लॅटिन आजोबांमुळेच खुलले होते. पण मग आठवतं की मेस्त्रींचा हात ज्याने आजारी पाडला तोही मीच.

दुसरे दोन डाय आले, मग आणखी. शेडमध्ये आज तरी साबणाची खोकी नाहीत. माझा मात्र तिकडे जायचा धीर झाला नाही. पुढच्या आयुधपूजेच्या आठवड्यात मेस्त्रींचाच फोन आला. "राव सार, बुधवार नाही या वर्षी. शुक्रवार. नीट लिहून घ्या."

गेलो. तेच टेबल, तेच निजलेले दगड. सगळ्यांनी आपापलं हत्यार आणून ठेवलं होतं. ट्रकच्या ड्रायव्हरने किल्ली ठेवली होती, मुदलाळींनी चष्मा. ओशाळल्यासारखं होऊन मी म्हणालो, "मेस्त्री, मी काय ठेवू? माझ्याकडे काही नाही."

त्यांनी चंदनाची वाटी उचलली, बोट बुडवलं आणि माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "आहे की. पण त्याला चंदन लावायचं कसं, हा प्रश्न आहे." आणि मागे वळून सगळ्यांना मोठ्याने म्हणाले, "आज राव सारांशी कुणी बोलू नका रे! त्यांचं हत्यार पूजेला बसलंय. उद्या सकाळी सहाला उठवू."

आठही जण हसले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मेस्त्रींनी ओठांवर बोट ठेवलं, सुंडलाचा द्रोण माझ्या हातात दिला, आणि तेहेतीस वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदाच कामाच्या जागी गरम जेवलो.